वेलिगामातील सर्फिंग आणि योगाचा आठवडा: निवड, पूर्वतयारी आणि दिनक्रम

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, गॉल आणि मातारा या दोन शहरांच्या दरम्यान, वेलिगामा हे गाव वसले आहे. त्याच्या पुढ्यातील अर्धचंद्राकृती किनारा सुमारे दोन किलोमीटर लांब असून पाण्याखाली खडकाऐवजी वाळू आहे, आणि खुल्या समुद्रातून येणारी लाट आखातात शिरताना बरीच मवाळ होते. सर्फिंग नव्याने शिकणाऱ्याला हवे असते ते एवढेच. त्यामुळे सर्फिंग आणि योग यांची सांगड घालणारी सात रात्रींची निवासी शिबिरे येथे आणि शेजारच्या अहंगामा, मिदिगामा व मिरिस्सा या गावांत हंगामभर चालू असतात. मुंबईहून कोलंबोला थेट विमानाने सुमारे अडीच तासांत पोहोचता येते, घड्याळ बदलावे लागत नाही आणि विमानतळापासून द्रुतगती मार्गाने वेलिगामा साधारण तीन तासांवर आहे. कोलंबोहून समुद्राच्या कडेकडेने जाणारी रेल्वेही आहे. तिचा प्रवास देखणा असला, तरी सामानासह आणि गर्दीच्या वेळी तो दमवणारा ठरतो, म्हणून रेल्वे परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवावी.

सात रात्रींच्या मुक्कामात पाण्यात उतरण्याचे दिवस प्रत्यक्षात पाचच मिळतात. या पाच दिवसांत किती शिकून होईल, हे धाडसापेक्षा खांदे किती दिवस साथ देतात यावर अवलंबून असते. बहुतेक जण पहिल्या दोन दिवसांतच सगळी ताकद खर्च करतात आणि चौथ्या दिवशी हात वर उचलता येईनासा झाला की वाळूत बसून इतरांकडे पाहत राहतात. पुढील सूचना या एका अडचणीभोवतीच रचलेल्या आहेत.

ऋतू, वारा आणि लाट

दक्षिण किनाऱ्याचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असा असतो. नोव्हेंबरमध्ये पावसाच्या सरी आणि बंगालच्या उपसागरातील वादळे यांचा व्यत्यय येऊ शकतो, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने जानेवारी ते मार्च हा काळ निवडावा. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे हा समुद्र खवळलेला असतो. तेव्हा सर्फिंग करणारे पूर्व किनाऱ्यावरील अरुगम बे येथे जातात. उन्हाळी सुट्टीला जोडून मे-जूनमध्ये ‘वेलिगामा, भरघोस सवलत’ अशी जाहिरात दिसली, तर त्या सवलतीचे कारण बहुधा हेच असते.

येथील लाटा दूरवरच्या दक्षिणी महासागरातील वादळांतून जन्म घेतात. श्रीलंका आणि अंटार्क्टिका यांच्यामध्ये कुठेही जमीन नसल्याने त्या हजारो किलोमीटरचा प्रवास करून, वाटेत एकसारख्या होऊन, ठरावीक अंतराने किनाऱ्याला लागतात. लाटांचा अंदाज देणारी अॅप्स पाहताना केवळ उंची न पाहता दोन लाटांमधील अंतर किती सेकंदांचे आहे हेही पाहावे. ते दहा सेकंदांहून अधिक असेल तर लाटा सुटसुटीत येतात आणि मध्ये श्वास घ्यायला उसंत मिळते. ते पाच-सहा सेकंदांवर आले की समुद्र नुसता घुसळल्यासारखा होतो. शिकणाऱ्यासाठी दोन ते तीन फुटांची लाट पुरे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे लाटेचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतात आणि दुपारी खारे वारे सुटले की तोच पृष्ठभाग खडबडीत होतो. म्हणून सकाळचे सत्र हे खरे सत्र आणि दुपारचे केवळ सरावाचे, असे धरून चालावे.

भरती-ओहोटीच्या बाबतीत कोकणपट्टीतील माणसाची सवय येथे थोडी बाजूला ठेवावी लागते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत चार-पाच मीटरपर्यंत फरक पडतो, तर दक्षिण श्रीलंकेत तो एक मीटरही भरत नाही. वेलिगामाच्या वाळूवर त्याने फारसे बिघडत नाही, परंतु मिदिगामा आणि अहंगामा येथील खडकाळ तळावर अर्धा मीटर पाणी कमी होणे म्हणजे खडक गुडघ्याशी येणे होय. नवशिक्याने त्या जागी पहिल्या आठवड्यात जाऊच नये, मग सोबतचे कितीही आग्रह करोत.

शिबिर निवडताना

छायाचित्रांतील तरणतलाव आणि नारळाच्या झावळ्या सगळीकडे सारख्याच असतात. आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्यावे अशा गोष्टी वेगळ्या आहेत. एका प्रशिक्षकामागे किती शिकणारे असतात, हा पहिला प्रश्न. उत्तर तीनपेक्षा मोठे आले तर पुढे पाहावे, कारण लाट येताना बोर्ड, म्हणजे सर्फिंगची फळी, योग्य क्षणी ढकलणारा हात जवळ असणे हेच पहिल्या तीन दिवसांचे खरे शिक्षण असते. प्रत्यक्ष सर्फिंगचे वर्ग कोणत्या किनाऱ्यावर होतात, हा दुसरा प्रश्न. अहंगामातील अनेक सुंदर निवास शिकवण्यासाठी वेलिगामालाच नेतात आणि जाण्यायेण्याचा वेळ वेळापत्रकात दाखवत नाहीत. तिसरा प्रश्न वेळापत्रकाचाच आहे. सर्फिंगची वेळ वारा आणि लाट पाहून आदल्या संध्याकाळी ठरवली जात असेल, तर ते शिबिर समुद्राला ओळखते असे समजावे. आठवडाभर रोज सकाळी अकरा वाजता सर्फिंग छापलेले असेल, तर ते स्वयंपाकघराच्या सोयीने चालते. चित्रीकरण करून संध्याकाळी चुका दाखवणारे सत्र असल्यास थोडे अधिक पैसे मोजायला हरकत नाही, कारण आपण वाकून उभे आहोत हे स्वतःला कधीच जाणवत नाही.

योगशिक्षकाविषयीही विचारावे. पुण्यात अय्यंगार पद्धतीने शिकलेल्या माणसाला अशा शिबिरांतील वेगवान विन्यास वर्ग, म्हणजे श्वासाच्या लयीत एका आसनातून लगेच दुसऱ्यात जाण्याचा वर्ग, घाईचा वाटण्याची शक्यता असते, कारण अय्यंगार पद्धतीत दोरी, विटा आणि खुर्ची यांच्या आधाराने एका आसनात स्थिर राहण्याची सवय झालेली असते. सर्फिंगच्या जोडीला हीच सावकाश पद्धत अधिक उपयोगी पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवड्यात निदान तीन संध्याकाळचे वर्ग संथ आसनांचे असतील तर ते शिबिर चांगले समजावे.

प्रवास विम्यात सर्फिंगचा समावेश आहे की नाही, हे पॉलिसीच्या मजकुरात पाहावे, एजंटच्या शब्दावर राहू नये. प्रवेश परवान्याचे नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर ते पुन्हा एकदा तपासावेत.

घरची तयारी

निघण्यापूर्वी सहा आठवडे तयारी केली तर पुरेशी होते, आणि तिच्यात सर्वांत वरचे स्थान पोहण्याचे. काही शाळा पोहता न येणाऱ्यांनाही कमरेएवढ्या पाण्यात शिकवतात, परंतु बोर्डला बांधलेली दोरी तुटू शकते आणि त्या क्षणी बोर्ड तुमचा राहत नाही. न थांबता दोनशे मीटर पोहता येणे आणि दहा मिनिटे पाठीवर शांत तरंगता येणे, ही किमान पात्रता मानावी. महानगरपालिकेच्या तलावात हे शिकून झाल्यावर शक्य असल्यास एकदा तरी, जीवरक्षक असलेल्या ठिकाणी, खाऱ्या पाण्याची चव घ्यावी. नाकातोंडात लाट गेल्यावर घाबरून न जाण्याची सवय तलावात होत नाही. कोकण रेल्वेने जाता येण्याजोगे, कर्नाटकातील मुल्की हे आपल्याकडील सर्फिंगचे जुने केंद्र आहे. तेथे पावसाळा सोडून एखाद्या शनिवार-रविवारी दोन वर्ग करून पाहिले, तर पूर्ण आठवड्याचे पैसे भरण्यापूर्वीच हा खेळ आपल्याला मानवतो की नाही हे कळते.

दुसरी तयारी पॉप-अपची, म्हणजे बोर्डवर पालथे असताना एका झटक्यात उभे राहण्याची. घरी सतरंजीवर ती उत्तम होते. पालथे पडून दोन्ही तळवे खालच्या बरगड्यांशेजारी टेकवावेत, कोपरे अंगाला लागून ठेवावेत, पायाची बोटे जमिनीत रोवावीत आणि हनुवटी उचलून नजर समोरच्या भिंतीवर ठेवावी. मग तळव्यांवर जोर देऊन छाती उचलावी आणि त्याच हालचालीत मागचा पाय आडवा टेकवून पुढचा पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणावा. उभे राहिल्यावर गुडघे वाकलेले, कंबर खाली आणि पाठ सरळ असावी. आधी गुडघे टेकून नंतर उभे राहण्याची सवय लागू देऊ नये, कारण ती पाण्यात सुटता सुटत नाही. रोज दहा-बारा वेळा, दमल्यावर नव्हे तर ताजेतवाने असताना, हा सराव करावा. डावा पाय पुढे ठेवणारे अधिक असतात, उजवा पुढे ठेवणारे कमी. कोणी पाठीमागून अचानक हलकेच ढकलल्यावर जो पाय आपोआप पुढे पडतो, तो पुढचा पाय धरावा.

सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना येथे आयती शिदोरी मिळते, कारण अष्टांगनमस्कार ते भुजंगासन हा टप्पा पॉप-अपच्या पहिल्या अर्ध्या भागाशी बराच जुळतो. मात्र नमस्कारांची संख्या वाढवण्यापेक्षा ते सावकाश घालावेत. त्यांच्या जोडीला मालासनात दोन मिनिटे बसणे, वीरभद्रासन आणि गोमुखासनातील हातांची स्थिती एवढे केले तरी घोटे, मांड्या आणि खांदे मोकळे होतात.

सामान थोडे लागते. पाण्याचे तापमान सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपास असल्याने वेटसूटची गरज नाही, पण लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा सदरा, आणि घट्ट लेगिंग्ज अत्यावश्यक आहेत. त्या नसतील तर बोर्डवरील घर्षणाने पोट, बरगड्या आणि गुडघे दुसऱ्याच दिवशी सोलवटून निघतात. वेलिगामा विषुववृत्तापासून जेमतेम सहा अंशांवर आहे, त्यामुळे चेहऱ्याला झिंकची जाड पांढरी क्रीमच लावावी. नेहमीचे सनस्क्रीन पाण्यात वाहून डोळ्यांत उतरते. स्त्रियांनी पाळीची तारीख आठवड्यात येत असल्यास टॅम्पॉन किंवा कप वापरण्याची सवय आधीच्या महिन्यांतच करून घ्यावी. सॅनिटरी पॅड पाण्यात निरुपयोगी ठरतो, आणि नवीन साधन परदेशात पहिल्यांदा वापरून पाहणे त्रासाचे होते.

आठवडा कसा वाटून घ्यावा

पोहोचण्याच्या दिवशी पाण्यात उतरू नये. संध्याकाळी किनाऱ्यावर अर्धा तास उभे राहून लाटा कुठे फुटतात, लोक कुठून आत जातात आणि कुठून बाहेर येतात एवढे पाहावे व लवकर झोपावे.

पुढचे दोन दिवस फुटून गेलेल्या लाटेच्या फेसाळ पाण्यात, कमरेएवढ्या खोलीत घालवावेत. बोर्ड आठ ते नऊ फुटांचा, मऊ पृष्ठभागाचा असावा. छोटा बोर्ड दिसायला रुबाबदार असला तरी तो नवशिक्याला तरंगवत नाही. दोरी, म्हणजे लीश, मागच्या पायाच्या घोट्याला बांधावी. बोर्ड घेऊन आत चालताना त्याचे नाक, म्हणजे पुढचे टोक, समुद्राकडे असावे आणि तो शरीराच्या बाजूला असावा. आपण आणि येणारी लाट यांच्यामध्ये बोर्ड आडवा धरला, तर लाट तो सरळ तोंडावर आणून आदळते, आणि या आठवड्यातील बहुतेक सुजलेले ओठ अशाच चुकीचे असतात. बोर्डवर पडताना पायाची बोटे शेपटीच्या टोकाशी यावीत आणि नाक पाण्यापासून दोन-तीन इंच वर राहावे. नाक पाण्यात बुडाले तर थोडे मागे सरकावे, फारच वर उचलले गेले तर पुढे. लाट बोर्ड उचलते तेव्हा लगेच उठू नये. बोर्ड स्वतः घसरू लागला आहे हे पोटाला जाणवेपर्यंत आणखी दोन हात मारावेत आणि मगच उठावे. नजर पायांकडे गेली की माणूस पायांकडेच पडतो.

पडणेही शिकावे लागते. डोके पुढे करून सूर मारू नये. बोर्डपासून दूर, बाजूला किंवा पाठीवर, अंग पसरून पडावे आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती धरावेत, कारण बोर्ड दोरीला ताण बसून परत येत असतो.

चौथा दिवस, म्हणजे पाण्यातील दोन दिवसांनंतरचा दिवस, अर्धी विश्रांती म्हणून आधीच ठरवून टाकावा. सकाळी फक्त संथ योग, दुपारी गॉलचा किल्ला किंवा नुसती झोप. शिबिरातील उत्साही मंडळी त्या दिवशीही पाण्यात जातील आणि शेवटच्या दोन दिवशी मागे पडतील. विश्रांतीनंतरच्या दिवसांत प्रशिक्षकाच्या संमतीने न फुटलेल्या लाटेकडे जावे. तेथे लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे पॅडलिंग करत, म्हणजे बोर्डवर पालथे पडून हातांनी पाणी मारत, जाणे, बसून वाट पाहणे आणि योग्य लाट ओळखणे, ही तीन नवी कामे असतात. त्यांत एका सत्रात दोन लाटा मिळाल्या तरी समाधान मानावे.

येथे एक शिस्त कटाक्षाने पाळावी. लाट जिथे फुटू लागली आहे त्याच्या सर्वांत जवळ जो आहे, ती लाट त्याची असते. त्याच्या पुढ्यात घुसू नये. लाटेवरून येणाऱ्याच्या वाटेतून आत न जाता वळसा घालून जावे आणि घाबरून बोर्ड सोडून देऊ नये. जानेवारी-फेब्रुवारीत वेलिगामाला इतकी गर्दी असते की समुद्रापेक्षा इतर शिकाऊंचे बोर्ड अधिक धोकादायक वाटतात. दोनशे पावले बाजूला चालत गेले की गर्दी निम्मी होते, पण तेवढे कोणी चालत नाही. किनाऱ्यापासून आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये. बोर्ड घट्ट धरून किनाऱ्याला समांतर सरकावे, हात उंच करून मदत मागावी आणि ओढ कमी झाल्यावर बाहेर यावे.

योग केव्हा आणि किती

सर्फिंगपूर्वीचा योग वीस मिनिटांचा आणि हालता असावा. मार्जारासन, हलके अधोमुख श्वानासन, उत्कटासन, खांद्यांची वर्तुळे आणि मानेच्या हालचाली पुरेशा होतात. थंड स्नायू दीर्घकाळ ताणून पाण्यात उतरण्यात फायदा नाही. चतुरंग दंडासनाच्या फेऱ्या शिक्षकांनी सांगितल्या तरी गुडघे टेकून कराव्यात किंवा सोडून द्याव्यात, कारण खांद्याच्या आणि छातीच्या त्याच स्नायूंवर पुढचे दोन तास पॅडलिंगचा भार पडणार असतो. संध्याकाळी बालासन, सुप्त मत्स्येंद्रासन, भिंतीला पाय लावून विपरीत करणी आणि गरुडासनातील हातांची गुंफण, प्रत्येकी तीन ते पाच मिनिटे श्वास सोडत करावीत.

पाठीच्या मागे वाकण्याबाबत विशेष काळजी घ्यावी. पॅडलिंग करताना माणूस तासन्तास पालथा पडून छाती व मान उचललेल्या स्थितीत असतो, म्हणजे दिवसभर भुजंगासनच चाललेले असते. त्यावर संध्याकाळी उष्ट्रासन किंवा चक्रासन घालणे शहाणपणाचे नाही. ‘सर्फर्स मायलोपथी’ नावाची एक दुर्मीळ पण गंभीर इजा २००४ मध्ये हवाईतील डॉक्टरांनी प्रथम वर्णिली. कोणताही मार न लागता, पाठ दीर्घकाळ मागे वाकलेली राहिल्याने मज्जारज्जूचा रक्तपुरवठा बाधित होतो असे मानले जाते, आणि ती मुख्यतः पहिल्यांदा सर्फिंग करणाऱ्यांना होते. दोन लाटांच्या मध्ये बोर्डवर उठून बसावे, पाठ पुढे वाकवून गोल करावी आणि सत्राच्या आधी भरपूर पाणी प्यावे. अचानक कंबरदुखी सुरू झाली किंवा पायांत मुंग्या, बधिरपणा वा अशक्तपणा जाणवला, तर ‘थोडे बसलो की बरे वाटेल’ असे न म्हणता तत्काळ बाहेर येऊन रुग्णालय गाठावे.

आहार आणि जखमा

पहाटेच्या सत्रापूर्वी एक केळे आणि पाणी एवढेच घ्यावे, भरपेट न्याहारी परतल्यावर करावी. श्रीलंकेतील इंडिआप्पा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, हे मालवणी शिरवाळ्यांचे सख्खे भावंड वाटते, आणि त्यासोबत येणारी परिप्पु नावाची डाळ नारळाच्या दुधातली असते. शाकाहारी माणसाने पोल सांबोल या ओल्या खोबऱ्याच्या चटणीबाबत मात्र आवर्जून विचारावे, कारण तिच्यात सुक्या मालदीव माशाचा चुरा घालण्याची पद्धत आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दुपारी तांबिली, म्हणजे केशरी शहाळे, आणि रात्री म्हशीच्या दह्यावर कितुलच्या झाडाचा काकवीसारखा पाक, या दोन गोष्टी सोडू नयेत. दर पौर्णिमेला पोया ही सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी मद्यविक्री बंद राहते. सर्फिंगच्या आठवड्यात मद्य टाळलेलेच बरे असल्याने त्याची अडचण वाटू नये.

बोर्डच्या फिनने, म्हणजे तळाशी असलेल्या कल्ल्यासारख्या पात्याने, किंवा खडकाने झालेली जखम लहान दिसली तरी गोड्या पाण्याने आणि साबणाने धुऊन, वाळूचे कण काढून, जंतुनाशक लावून कोरडी ठेवावी. दमट हवेत ती लवकर चिघळते. निघण्यापूर्वी धनुर्वाताची लस घेतली आहे ना, हे पाहून घ्यावे. खडकावर समुद्री साळूचा काटा पायात मोडल्यास तो स्वतः कोरून काढण्याऐवजी स्थानिक डॉक्टरकडे जावे. कानात पाणी राहिल्यास काडी न घालता डोके कलते करून ते वाहू द्यावे, आणि दुसऱ्या दिवशीही ठणका असेल तर पाण्यात उतरू नये. शेवटच्या सकाळी सत्र घ्यायचे असल्यास विमानाच्या वेळेपूर्वी किमान आठ तास हाताशी ठेवावेत, कारण रॅश गार्ड वाळवणे, खारे केस धुणे आणि विमानतळापर्यंतचा तीन तासांचा रस्ता या सर्वांना नेहमी वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.